पुलावरून गेलेलं बियाणं

घोड नदीच्या अलीकडे शिरूर, म्हणजे पुणे जिल्हा. पलीकडे नगर जिल्हा. मधे पूल. त्या पुलाच्या शिरूरकडच्या टोकाला एक पत्र्याची शेड, रस्त्यावर आडवा टाकायचा बांबू, एक टेबल आणि पाण्याचा रांजण एवढा आमचा धान्याचा नाका होता. मी तिथे हंगामी कारकून होतो.

नोकरी जेमतेम दोन वर्षांची. एवढ्याशा नोकरीवर लेख लिहावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील दौंडच्या रेल्वे यार्डात खलाशी, म्हणजे मजूर, आहेत. मॅट्रिक झाल्यावर कॉलेजची सोय आपली आपण करायची म्हणून मी नाक्यावर लागलो आणि आता बी. ए.ला अर्थशास्त्र घेऊन शिकतो आहे. वर्गात परवा ‘देशाची एक बाजारपेठ’ हा विषय शिकवला. सगळे लिहून घेत होते. माझी लेखणी मात्र थांबली, कारण मला पुलावरचा तो बांबू दिसत होता. म्हणून लिहितो आहे. चुकलंमाकलं वाचकांनी सांभाळून घ्यावं.

नाका कशासाठी होता, ते आधी सांगतो. त्या वर्षांत देशात धान्य कमी होतं. परदेशातून बोटींनी धान्य येत होतं, आणि ते घ्यावं लागतं याची लाज सगळ्यांनाच वाटत होती. देश आपल्या पायावर उभा राहिला पाहिजे अशी भाषणं शाळेशाळेत होत. धान्य वाचावं म्हणून सोमवारी संध्याकाळी चूल न पेटवणारी माणसं मी पाहिली आहेत. ती मनापासून करत. सरकारनं ठरवलं की ज्वारी सरकारनंच खरेदी करायची आणि जिथे कमी असेल तिथे सरकारनंच पाठवायची. व्यापाऱ्यांनी मधल्या मधे ती पळवू नये म्हणून जिल्ह्यांच्या हद्दी बंद केल्या. हेतू वाईट होता असं मला आजही वाटत नाही. पण ज्यांनी नकाशावर रेघ ओढली त्यांना रेघ दिसत होती. आम्हाला नदी दिसत होती, आणि नदीच्या दोन्ही काठांना एकच मुलूख होता. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे. बैल इकडचे, तर पाथरवट तिकडचा.

नाक्यावरचं काम सोपं होतं. गाडी थांबवायची, पोती मोजायची, पन्हाळीसारखी खोबण असलेली लोखंडी सळई पोत्यात खुपसायची आणि खोबणीत काय येतं ते पाहायचं. वर भुईमुगाच्या शेंगा आणि आत ज्वारी, हा रोजचाच प्रकार. आमचे नाकेप्रमुख जगदाळे भाऊसाहेब हे खात्यात मुरलेले गृहस्थ. सळई न लावता ते नुसत्या बैलांच्या चालीवरून सांगत, की शेंगा एवढ्या जड नसतात.

एकदा एक बैलगाडी आली. गाडीत गोधडीवर एक बाई विव्हळत पडलेली. नवरा म्हणाला, “लई दुखतंया साहेब, दवाखान्यात न्यायचीय.”

भाऊसाहेब गाडीजवळ गेले आणि म्हणाले, “बाई, काय दुखतंय?”

“प्वाट दुखतंया.”

“मग उताणं झोपा. पोटाखाली ज्वारी टोचती आहे.”

बाईला हसू आवरेना. नवरा तिच्यावरच चिडला. “तुला म्हनलं हुतं तोंड झाकून घे,” म्हणाला. भाऊसाहेबांनी पोतं उतरवून घेतलं, पण केस केली नाही. मला ते ‘प्रोफेसर’ म्हणत, कारण मी शेडमध्ये बसून इंग्रजी पुस्तक वाचत असे. “प्रोफेसर, पुस्तकात नाका आहे का आपला?” असं विचारत. नव्हता.

रात्री नदीतून, उतारानं, डोक्यावर पोती घेऊन माणसं जात, हे आम्हाला माहीत होतं. त्यांना पकडण्याएवढी माणसं आमच्याकडे नव्हती. पकडले जात ते पुलावरून येणारेच, म्हणजे बहुतेक सरळ माणसं.

धोंडीबा आप्पा तसे होते. नदीपलीकडे त्यांचं गाव, शेडमधून त्यांच्या गावचं देवळाचं निशाण दिसे. त्यांची लेक पारूबाई अलीकडे, शिरूरपासून थोड्या अंतरावर दिलेली. विहिरीच्या सुरुंगात तिचा नवरा गेला होता. दोन लहान मुलं, शालन आणि नामू, आणि दोन एकर कोरडवाहू. आमच्या भागात अशी रीत आहे, की नवरा गेलेल्या लेकीला बापाच्या खळ्यावरचं पहिलं पोतं जातं. त्याला लेकीचं पोतं म्हणतात. ते विकत नाहीत, उसनं देत नाहीत, आणि खळं झाल्यावर ते घरात ठेवणं बापाला कमीपणाचं वाटतं.

त्या साली आप्पा खळं झाल्यावर पोतं घेऊन आले आणि बांबूपाशी थांबले. झाकपाक काही नव्हती. पोतं उघड्या गाडीवर, वर हळदकुंकू वाहिलेलं.

“आप्पा, परत न्या,” भाऊसाहेब म्हणाले. “बंदी आहे.”

“लेकीचं हाय.”

“लेकीचं असलं तरी ज्वारीच आहे ना?”

“माझ्या रानातली हाय. मी काय चोरून आनलीय व्हय?”

“चोरून आणली असती तर रात्री गेली असती, आप्पा. दिवसा आणलीत म्हणून अडकली.”

आप्पा गाडी वळवून गेले. दर काही दिवसांनी ते मोकळ्या हातानं पुलावर येत, लेकीकडे जाऊन येत, आणि जाता-येता आमच्या शेडपाशी टेकत. कुणीतरी त्यांना रात्री नदीतून न्यायचं सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, “लेकीच्या घरी बाप रातचा चोरावानी जात न्हाई.” पोतं घरात तसंच राहिलं.

पारूबाईला रेशनवर मिलो मिळे. मिलो म्हणजे अमेरिकेतून येणारी लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटे आणि गार झाली की पायतणासारखी होई. तिकडे ती डुकरांना घालतात, असं लोकांत पसरलं होतं. खरं-खोटं मला माहीत नाही. मी रजेत दौंडला घरी जाई, तेव्हा यार्डात त्या मिलोच्या वाघिणी उभ्या असत. तिथून त्या भीमेच्या पुलावरून नगरकडे जात. त्यांना कुणी अडवत नसे. समुद्र ओलांडून आलेलं धान्य नदीही ओलांडत होतं. आमच्या काठचा शाळू, म्हणजे आमची पांढरी ज्वारी, तेवढा थांबला होता. हे मी वडिलांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, “तू आपली नोकरी कर.”

नामूला मिलो पचत नव्हती. पोर हागवणीनं वाळलं होतं. आप्पांनी पावसाळ्याच्या शेवटी शेडमध्ये बसून हे सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त ते आमच्याकडे पाहत नव्हते.

भाऊसाहेबांनी उठून रांजणातलं पाणी आप्पांना दिलं. मग म्हणाले, “आप्पा, लेकीच्या दोन एकरात काय पेरायचंय औंदा?”

“शाळूच की.”

“बियाणं आहे तिच्याकडं?”

आप्पांनी हळूच वर पाहिलं.

इथे पुन्हा थोडं समजावून सांगतो. पेरणीच्या दिवसांत बियाण्याला बंदी नव्हती. पण मग सगळीच ज्वारी बियाणं म्हणून जायला लागली, तेव्हा वरून हुकूम आला, की औषध चोळलेलं असेल तरच ते बियाणं. म्हणजे ते कुणी खाणार नाही. औषधाचे डबे नाक्यावरच दिलेले होते; ओळखू यावं म्हणून लाल रंग मिसळलेलं गंधक होतं त्यांत. पोतं आलं की पिंपात ओतायचं, वर पूड टाकायची, पिंप लोळवायचं, आणि लालसर झालेलं धान्य पुन्हा पोत्यात भरायचं. ते काम माझ्याकडे होतं.

पूर्वी बियाण्याला गंधक चोळत. काणी, म्हणजे कणसावरचा रोग, पडू नये म्हणून आमच्याकडे सगळेच चोळत. पेरून उरलेलं बी बायका नदीत धुवून, वाळवून, दळून खात. कुणाला कधी काही झालं नाही. भाऊसाहेबांच्या मनात तेच होतं. आप्पांच्याही.

दुसऱ्या दिवशी आप्पा पोतं घेऊन आले. हळदकुंकू पुसलेलं होतं.

“दोन एकराला पोतंभर बी?” भाऊसाहेब मोठ्यानं म्हणाले. “आप्पा, पाभरीनं पेरणार का फावड्यानं?”

“पाखरं लई खात्यात साहेब.”

“बरोबर आहे. पाखरांचं धरायलाच पाहिजे. प्रोफेसर, लावा औषध.”

आधीचे डबे संपले होते आणि त्या दिवशी मी नवा डबा फोडला. रंग तोच, पण वास वेगळा होता. डब्यावर कवटी होती, ती आधीच्या डब्यांवरही होती. खाली बारीक इंग्रजी होतं, ते मी वाचलं आणि भाऊसाहेबांना म्हणालो, “हे गंधक नाही. पारा आहे यात. जनावरालासुद्धा घालू नये असं लिहिलंय.”

“डीडीटीच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“विषच लिहिलेलं असतं.”

आप्पा म्हणाले, “ते मलेरियावालं आमच्या घरात मारून गेलं की. भितीवर, उतरंडीवर, पार पाळन्यावर. माश्या मेल्या. मानसं काय मेली न्हाईत.”

मी आप्पांकडे वळून सांगितलं, “आप्पा, हे खरंच खायला नका देऊ. धुवूनसुद्धा नको.”

“व्हय, व्हय,” आप्पा म्हणाले. “खायाचं कशाला? बी हाय ह्ये. प्येरायचं.” आणि ते भाऊसाहेबांकडे बघून हसले. भाऊसाहेबही हसले.

त्या हसण्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आम्ही तिघंही सकाळपासून बियाणं असल्याचं सोंग करत होतो. त्यामुळे माझं खरं बोलणंही त्यांना त्या सोंगातलंच वाटलं. मी कितीही निक्षून बोललो असतो, तरी आप्पांनी ‘पोरगं काम चोख करतं’ एवढंच मनात म्हटलं असतं. मी पिंप लोळवलं. पोतं पुलावरून गेलं.

पारूबाईनं त्यातलं थोडं पेरलं. उरलेलं तिनं घोड नदीच्या वाहत्या पाण्यात पाटीत घालून धुतलं, रंग जाईपर्यंत धुतलं, खडकावर वाळवलं. ती निष्काळजी बाई नव्हती. आधी काही दिवस तिनं कोंबड्यांना टाकून पाहिलं. कोंबड्या हिंडत-फिरत राहिल्या. मग तिनं दळण केलं. शाळूची पांढरी भाकरी तिनं मुलांना घातली. जास्त नामूला, कारण तो वाळला होता. स्वतः मात्र मिलोच खाल्ली. मोठ्या माणसाला ती चालते, असं तिनं नंतर सांगितलं. नामूची हागवण थांबली. त्याच्या अंगावर मांस दिसू लागलं. आप्पा त्या दिवसांत शेडमध्ये येऊन आमच्यासाठी शेंगा ठेवून गेले होते.

थंडी पडली तेव्हा नामू चालताना पडू लागला. आधी आईला वाटलं खेळतो आहे. मग त्याला समोरचा तांब्या धरता येईना, हात बाजूनं जाई. मग बोलणं जड झालं. शालनचे पाय मुंग्या आल्यासारखे झाले. देवऋषी झाला, उतारा झाला. शेवटी पारूबाई दोघांना घेऊन शिरूरच्या मिशनच्या दवाखान्यात आली. तिथे मार्थाबाई म्हणून नर्स होत्या, शिरूरच्याच ख्रिस्ती, कडक स्वभावाच्या. त्यांनी बी धुवून खाऊ घातल्याचं पारूबाईकडून काढून घेतलं, पोरांना पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथून परत येताच थेट नाक्यावर आल्या.

“तुमचा तो औषधाचा डबा कुठंय?” त्यांनी विचारलं.

मी डबा दिला. त्यांनी तो उजेडात धरून वाचला आणि टेबलावर ठेवला.

“हे इंग्रजी इथं कुणाला वाचता येतं?”

“मला येतं,” मी म्हणालो. “मी सांगितलं होतं.”

“कुणाला?”

मी भाऊसाहेबांकडे पाहिलं. ते उभे राहिले होते. “मला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “मला वाटलं, धुतल्यावर जाईल.”

“हे धुवून जात नाही. रंग जातो फक्त.” मार्थाबाई बसल्या नाहीत. “आणि लगेच काही दिसतही नाही. आठवडेच्या आठवडे माणूस हसतं-खेळतं, आणि आतून जात असतं. अजून किती पोत्यांना लावलंत?”

त्यानंतर मी आणि भाऊसाहेब सायकलींवर गावोगाव हिंडलो. त्या डब्यातलं औषध लावलेली पोती ज्यांच्याकडे गेली, त्यांच्या दारात जाऊन विचारलं. बहुतेकांनी खरंच पेरलं होतं. काहींनी आम्हाला पाहून पोती लपवली; त्यांना वाटलं, पकडायला आलो आहोत. “पेरलं की साहेब, समदं पेरलं,” असं एकजण हात जोडून सांगत होता, आणि त्याच्या मागे जात्याचा आवाज येत होता. भाऊसाहेब त्या माणसाच्या पाया पडले. ते जातं थांबलं. त्या गावांतल्या सगळ्यांना वेळीच कळलं, एवढंच त्या हिंडण्याचं समाधान.

नामू पौषात गेला.

मग चौकशी आली. पुण्याहून एक साहेब आले आणि आमच्या शेडमध्ये बसले. त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती. पुलावरून गेलं ते बियाणं होतं की धान्य? बियाणं असेल, तर ते खाल्लं ही पारूबाईची चूक. धान्य असेल, तर ते बियाणं म्हणून नेलं हा आप्पांचा गुन्हा, आणि सोडलं हा भाऊसाहेबांचा. साहेब वाईट नव्हते. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली. आप्पा खालीच बसले.

“सांगा, बियाणं होतं का खाण्याचं?”

“ज्वारी हुती, साहेब.”

“तसं नाही. कशासाठी होती?”

“प्येरली तर बी, दळली तर पीठ. ज्वारीला काय ठावं?”

साहेबांनी पुन्हा विचारलं. आप्पांनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा शेडच्या दारात बसलेली पारूबाई बोलली.

“बीच हुतं,” ती म्हणाली. “आप्पांनी बी म्हनूनच दिलं. मला प्येरा म्हनले हुते. म्या खाऊ घातलं.”

आप्पा म्हणाले, “पारू, गप.”

“तुमी गप बसा आप्पा. साहेब, माझं लिवून घ्या.”

साहेबांनी लिहून घेतलं. तिनं अंगठा दिला. पुलावरून बियाणं गेलं, आणि ते घेणाऱ्यानं बेफिकिरीनं खाण्यात वापरलं, असं ठरलं. भाऊसाहेबांची बदली झाली. जाताना ते मला म्हणाले, “प्रोफेसर, कॉलेजात जा. इथं राहू नका.” नाका मात्र तसाच राहिला. पूडही राहिली. पुढच्या पेरणीला मीच पिंप लोळवत होतो. फक्त प्रत्येक पोत्यावर कोळशानं कवटी काढत होतो आणि नेणाऱ्याकडून देवाची शपथ घेत होतो. लोक शपथ घेत. घेताना त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच हसू दिसे, आणि मी पुन्हा सगळी हकीकत सांगे. मग ते हसू जाई. काहीजण पोतं परत घेऊन जात.

हद्दीची बंदी नंतर उठली. शेड काढली तेव्हा मी कॉलेजात होतो. वर्गात आम्हाला शिकवलं, की तुटीचे आणि वाढाव्याचे प्रदेश एकमेकांपासून तोडले, की तुटीच्या भागात भाव चढतात आणि वाढाव्याच्या भागात पडतात. हे खरं आहे. मी ते परीक्षेतही लिहिलं आणि चांगले गुण मिळाले. त्यात जे येत नाही ते कुठल्या शीर्षकाखाली लिहायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

या उन्हाळ्यात मी पारूबाईकडे गेलो होतो. शालन आता मोठी दिसते, पण भिंतीला धरून चालते. आप्पा थकले आहेत. तरी खळं झालं की पोतं येतं, आता कुणी अडवत नाही. मी दुपारी पोचलो होतो. पारूबाईनं “जेवल्याबिगर जायचं न्हाई भाऊ” म्हणून चूल पेटवली आणि शाळूच्या भाकरी केल्या. ताट मांडलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि मी हात घालणार तोच म्हणाली, “थांबा जरा.”

माझ्या ताटातल्या भाकरीचा एक तुकडा मोडून तिनं स्वतः खाल्ला. शालन कोपऱ्यात बसली होती. तिला हे नवीन नव्हतं. घरात आलेलं कुठलंही दाणापाणी आधी पारूबाई खाते, मग बाकीच्यांना देते, असं शालननंच मला हळूच सांगितलं. तुकडा गिळून पारूबाई उंबऱ्याशी टेकली आणि बाहेरच्या उन्हाकडे पाहत राहिली.

मार्थाबाईंनी आमच्या शेडमध्ये सांगितलेलं मला आठवत होतं. ते विष असं घटकाभरात कळत नाही. कळायला आठवडे लागतात. तिला हे कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं, किंवा सांगूनही ती अशी वाट पाहत बसत असावी. माझ्या तोंडापर्यंत ते आलं होतं.

भाकरी गार होत होती. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. बऱ्याच वेळानं ती वळली आणि म्हणाली, “खा आता. काय न्हाई झालं.”

मी जेवलो.